नॅसवरचा व्हिडिओ फोनवर चालत नाही: प्लेअर बदलावा, सर्व्हर बसवावा की फाइलच बदलून घ्यावी?

घरातले सगळे व्हिडिओ एका नॅसवर, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणयंत्रावर, ठेवावेत आणि हातातल्या फोनवर हवे तेव्हा पाहावेत, ही कल्पना सरळ वाटते; प्रत्यक्षात मात्र ती पहिल्याच फाइलला अडते. वाय-फाय जोडलेले असते, फोल्डर उघडते, फाइलचे नाव आणि आकारही दिसतो. पण तिच्यावर बोट ठेवले की नुसता काळा पडदा येतो, किंवा चित्र दिसते आणि आवाज येत नाही, किंवा ही फाइल उघडता येत नाही एवढाच संदेश मिळतो. यावर मुख्य उपाय तीन आहेत. फोनवर अधिक समर्थ प्लेअर घेता येतो; फोनला झेपेल अशा रूपात व्हिडिओ त्याच क्षणी बदलून पाठवणारा सर्व्हर नॅसवर बसवता येतो; किंवा फाइलच एकदा कायमची बदलून ठेवता येते. काम कुणाला तरी करावेच लागते. ते फोनने करायचे, नॅसने करायचे की संगणकाने आधीच करून ठेवायचे, हे ठरवण्यापुरता हा आढावा आहे.

आधी दोष नेमका कुठे आहे?

एकाच व्हिडिओ फाइलमध्ये कंटेनर (सगळे भाग एकत्र ठेवणारे वेष्टन), चित्राचा कोडेक (चित्र दाबून साठवण्याची आणि परत उलगडण्याची पद्धत), आवाजाचा कोडेक आणि असल्यास सबटायटल असे वेगवेगळे भाग असतात, आणि यांपैकी कोणताही एक भाग फोनला उमगला नाही तरी सगळी फाइलच खराब असल्यासारखी वाटते. एमकेव्ही, एव्हीआय आणि एमपी४ ही कंटेनरची नावे आहेत. आत कोणते चित्र आहे हे त्यांवरून कळत नाही. आयफोनची स्वतःची व्यवस्था एमपी४ आणि एमओव्ही उघडते, एमकेव्ही उघडत नाही. त्यामुळे आतले चित्र एच.२६४ या २००३ पासून रूढ असलेल्या आणि प्रत्येक फोनला येणाऱ्या कोडेकमध्ये असले, तरी केवळ कंटेनरमुळे ती फाइल नाकारली जाते. अँड्रॉइडवर बहुधा उलट घडते: एमकेव्ही उघडते, चित्रही दिसते, पण आवाज डीटीएस किंवा एसी३ या कोडेकमधला असला तर शांतता पसरते, कारण तो आवाज उलगडण्याची सोय प्रत्येक फोन बनवणारी कंपनी देतेच असे नाही.

म्हणून काही बसवण्यापूर्वी किंवा विकत घेण्यापूर्वी मीडियाइन्फो हे मोफत साधन संगणकावर घ्यावे आणि अडणाऱ्या फाइली त्यात उघडून पाहाव्यात. कंटेनर, कोडेक, बिटरेट (दर सेकंदाला लागणारी माहिती), चित्राचे रंग आठ बिटचे की दहा बिटचे, हे सगळे एका पानावर दिसते. नेटवर्कचा दोषही येथेच ओळखावा. २५ एमबीपीएस बिटरेटचा एक तासाचा व्हिडिओ सुमारे ११ जीबीचा असतो आणि तो चांगल्या ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर आरामात चालतो. पण स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट अनेकदा १०० एमबीपीएसचेच असतात, आणि फोर-के डिस्कवरून घेतलेल्या फाइलचा बिटरेट मध्येमध्ये त्याच्याही वर जातो. अशा वेळी कोणताही प्लेअर बदलला तरी व्हिडिओ अडखळणारच.

पहिला मार्ग: फोनवरचा प्लेअर

हा मार्ग सर्वांनी आधी चोखाळावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण बहुतेक घरांचा प्रश्न येथेच सुटतो आणि खर्च शून्य असतो. व्हीएलसी अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर मोफत मिळते, एसएमबी, एफटीपी आणि यूपीएनपी या नेटवर्कवरून फाइली मिळवण्याच्या मार्गांनी नॅसशी थेट जोडले जाते आणि स्वतःचे कोडेक स्वतःबरोबर आणते. म्हणून फोनच्या व्यवस्थेला काय येते याने फारसे बिघडत नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण त्रासाचे मोठे मूळ तीच आहे. आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये २०१९ च्या आयओएस १३ पासून नॅसला जोडण्याची सोय आहे, म्हणून साहजिकच लोक तेथूनच व्हिडिओ उघडायला जातात. पण फाइल्स ॲप फोनच्या मूळ व्यवस्थेला येते तेवढेच दाखवते. आणि तेथून शेअर करून फाइल व्हीएलसीकडे पाठवली, तर ती सहसा आधी पूर्णपणे फोनवर उतरवली जाते. ११ जीबीची फाइल असेल तर बराच वेळ जातो, जागा भरते आणि शेवटी हाती काही लागत नाही. त्याऐवजी व्हीएलसीच उघडून त्याच्या नेटवर्क विभागातून नॅसमध्ये शिरावे. मग फाइल उतरवली न जाता तेथूनच वाजते. नॅस फार जुनी असून केवळ एसएमबीची पहिली आवृत्ती जाणत असेल, तर जोडणी होईलच असे नाही. ती आवृत्ती पुन्हा चालू करण्याच्या फंदात पडू नये. २०१७ मध्ये संगणक कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय याच आवृत्तीतल्या उणिवेतून पसरला होता.

अँड्रॉइडवर एमएक्स प्लेअर आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. परवान्याच्या अडचणीमुळे त्याने डीटीएस आणि एसी३ आवाजाची सोय मूळ ॲपमधून काढून टाकली. वेगळी कोडेक फाइल आणून जोडली तर ती परत मिळते, पण हे काम घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर करावे लागते. आयफोन आणि आयपॅडवर इन्फ्यूज हा प्लेअर नॅसवरच्या फाइलींना पोस्टर आणि माहिती जोडून अतिशय देखणे दालन तयार करतो, मात्र त्याच्या पूर्ण सुविधांसाठी पैसे मोजावे लागतात आणि तो अँड्रॉइडवर नाही. घरात सगळे ॲपलचेच असेल तर तो खर्च मला रास्त वाटतो. मिश्र घरात नाही.

या मार्गाची मर्यादा फोनच्या हार्डवेअरमध्ये आहे. कोडेक हार्डवेअरला येत नसेल तर प्लेअर तो सॉफ्टवेअरने उलगडतो, आणि तेव्हा फोन तापतो, बॅटरी झपाट्याने उतरते. एव्ही१ या नव्या कोडेकसाठी हार्डवेअरची सोय आयफोनमध्ये २०२३ च्या १५ प्रोपासून आली. त्याआधीच्या आयफोनवर असा व्हिडिओ चालवता येतो, पण मोठ्या आकाराचा व्हिडिओ बराच वेळ पाहणे सुखाचे नसते. एच.२६४ च्या दहा बिटच्या फाइलींचीही हीच गत आहे. त्या बहुतेक फोनच्या हार्डवेअरला उलगडता येत नाहीत.

दुसरा मार्ग: नॅसवरचा सर्व्हर

जेलीफिन आणि प्लेक्स ही या मार्गावरची प्रमुख नावे. फोनला फाइल जशीच्या तशी चालत असेल तर सर्व्हर ती तशीच पाठवतो. केवळ कंटेनर अडत असेल तर आतले चित्र न छेडता कंटेनर बदलून देतो. आणि कोडेकच अडत असेल तर पाहता पाहता नवे चित्र तयार करून पाठवतो. या तिसऱ्या प्रकाराला, म्हणजे ट्रान्सकोडिंगला, खरी ताकद लागते, आणि नॅस घेताना नेमके तेच विचारायचे राहून जाते.

सिनॉलॉजीचे डीएस९२०+ आणि त्याच्या जागी आलेले डीएस९२३+ ही दोन यंत्रे शेजारी ठेवून पाहावीत. जुन्यात इंटेलचा सेलेरॉन जे४१२५ आहे आणि त्यात क्विक सिंक हे व्हिडिओ बदलणारे हार्डवेअर आहे. नव्यात एएमडीचा रायझन आर१६०० आहे. साध्या कामांत तो अधिक वेगवान आहे, पण त्यात ग्राफिक्सचा भागच नाही. परिणामी फोर-के एचईव्हीसी (एच.२६४ च्या पुढच्या पिढीचा कोडेक) व्हिडिओ चालू असताना बदलून देणे जुन्या यंत्राला जमते आणि नव्याला जमत नाही. ज्याला सर्व्हर हवा आहे त्याने नॅसचा क्रमांक किंवा मेमरी पाहण्याआधी प्रोसेसर पाहावा. एआरएम प्रोसेसरची स्वस्त नॅस या कामासाठी घेऊ नये. रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकाचाही विचार या कामासाठी करू नये, कारण त्यात व्हिडिओ एन्कोड करणारे हार्डवेअर नाही. नॅस आधीच घेऊन झाली असेल तर ती फक्त साठवणीला ठेवावी आणि इंटेल एन१०० सारख्या प्रोसेसरचा छोटा पीसी शेजारी बसवून त्यावर सर्व्हर चालवावा. हा प्रोसेसर वीजही अगदी कमी खातो.

नॅसच्या कंपनीनेच दिलेल्या व्हिडिओ ॲपवर सगळी भिस्त ठेवणेही धोक्याचे आहे. सिनॉलॉजीने २०२४ मध्ये आलेल्या डीएसएम ७.२.२ या नॅसच्या प्रणालीपासून आपले व्हिडिओ स्टेशन हे ॲप बंद केले आणि एचईव्हीसी, एच.२६४ यांसारखे कोडेक हाताळण्याचे काम नॅसकडून काढून पाहणाऱ्याच्या उपकरणाकडे सोपवले. ज्यांच्या घरी सगळे व्यवस्थित चालले होते त्यांची सोय एका अपडेटबरोबर गेली.

प्लेक्स की जेलीफिन, हा निवाडा मुख्यतः पैशांवर आणि श्रमांवर होतो. प्लेक्स मांडायला सोपे आणि टीव्हीवरही सहज मिळणारे आहे. पण हार्डवेअरने ट्रान्सकोडिंग करण्यासाठी प्लेक्स पास लागतो, त्याच्या आजीवन सदस्यत्वाची किंमत एप्रिल २०२५ च्या अखेरीस ११९.९९ डॉलरवरून २४९.९९ डॉलर झाली, आणि तेव्हापासून स्वतःचेच व्हिडिओ घराबाहेरून पाहण्यासाठीही पैसे द्यावे लागतात. जेलीफिन २०१८ च्या डिसेंबरमध्ये एम्बी या दुसऱ्या मीडिया सर्व्हरपासून वेगळे झाले. ते पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत आहे, हार्डवेअर ट्रान्सकोडिंगही त्यात मोफत आहे. मांडणीला एखादी संध्याकाळ द्यावी लागते, हे मान्य करूनही मी जेलीफिनच सुचवीन. त्याच्या डॅशबोर्डवर चालू व्हिडिओ का बदलावा लागतो आहे याचे कारण दिसते: कंटेनर चालत नाही, आवाज चालत नाही की सबटायटल. दोष शोधणाऱ्याला याहून उपयोगी दुसरे काही नाही.

सबटायटलकडे विशेष लक्ष द्यावे. डिस्कवरची सबटायटले चित्रांच्या रूपात असतात, आणि ती दाखवण्यासाठी सर्व्हरला अनेकदा सगळा व्हिडिओ नव्याने तयार करावा लागतो; एरवी जशीच्या तशी गेली असती ती फाइल मग अडखळू लागते. एसआरटी ही साधी मजकुराची फाइल असल्याने हा भार टळतो. मराठी सबटायटल असेल तर ती फाइल यूटीएफ-८ या देवनागरी नीट राखणाऱ्या मजकूर-संकेतनात जतन करावी आणि सर्व्हरवर नोटो सान्स देवनागरीसारखा फाँट बसवावा, नाहीतर व्हिडिओत कोरलेल्या मजकुराच्या जागी रिकामे चौकोन येतात.

तिसरा मार्ग: एकदाच रूपांतर

घरच्या व्हिडिओंसाठी मला हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो. लग्नाची, मुंजीची, बारशाची जी चित्रणे डीव्हीडीवर मिळाली, ती एमपीईजी-२ कोडेकमधली असतात आणि डिस्कवर प्रत्येकी सुमारे १ जीबीच्या व्हीओबी तुकड्यांत कापलेली असतात. तशीच नॅसवर उतरवली तर आयफोन ती उघडत नाही, आणि व्हीएलसीत उघडली तरी एक तुकडा संपताच मंगलाष्टके अर्ध्यावर थांबतात. शिवाय हे चित्र इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत साठवलेले, असते. फोनवर हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. त्यानंतरच्या काळातल्या, २००६ पासून आलेल्या एव्हीसीएचडी कॅमकॉर्डरच्या एमटीएस फाइलींत चित्र एच.२६४ असते, आवाज बहुधा एसी३, आणि चित्र येथेही अनेकदा इंटरलेस्डच. या फाइली वाढणार नाहीत, बदलणार नाहीत, आणि घरातली म्हातारी माणसे त्या वारंवार पाहणार आहेत. प्रत्येक वेळी नॅसने त्या नव्याने उलगडत बसण्यात अर्थ नाही.

डिस्कचे तुकडे मेकएमकेव्हीने दर्जा न घालवता एका फाइलमध्ये जोडावेत आणि ती हँडब्रेकमधून एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेल्या एमपी४ मध्ये बदलावी. डीव्हीडीच्या आकारासाठी आरएफ हा गुणवत्तेचा आकडा १८ ते २२ मध्ये ठेवावा. जुन्या, दाणेदार चित्रणाला मी १८ कडेच झुकेन. त्या आडव्या रेघा घालवताना सेकंदाला २५ फ्रेमऐवजी ५० फ्रेमचा पर्याय घेतला तर वरातीतले नाचणे मूळच्या टीव्हीवर दिसे तितके सलग दिसते. मूळ फाइल मात्र कधीही पुसू नये. रूपांतरात गेलेला तपशील परत येत नाही.

सगळ्याच फाइलींना एवढे करावे लागत नाही. चित्र एच.२६४ किंवा एचईव्हीसी असेल आणि अडचण फक्त एमकेव्हीची असेल, तर एफएफएमपेग या मोफत साधनाने केवळ कंटेनर बदलावा. दर्जा तसूभरही उतरत नाही आणि दोन तासांची फाइल काही मिनिटांत तयार होते. आयफोनसाठी एचईव्हीसी असेल तर एमपी४ मध्ये त्याच्यावर एचव्हीसी१ ही खूण घालायला विसरू नये. एफएफएमपेग ती आपणहून घालत नाही, आणि ती नसेल तर फाइल सर्वार्थाने योग्य असूनही आयफोनवर फक्त आवाज येतो किंवा काहीच येत नाही.

या मार्गाचा तोटा वेळेचा आणि जागेचा आहे. शेकडो फाइली असतील तर संगणक रात्र रात्र चालवावा लागतो आणि मूळ प्रत ठेवल्याने जागा वाढते. चित्रपटांच्या सतत वाढत्या संग्रहाला हे परवडत नाही.

घराबाहेरून पाहायचे असेल तर

लेक न्यू जर्सीत आणि नॅस डोंबिवलीत असेल, तर एकट्या प्लेअरचा मार्ग बाद होतो. एसएमबी हा घरातल्या नेटवर्कसाठीचा मार्ग आहे, तो इंटरनेटवर उघडा ठेवणे म्हणजे घराचे दार उघडे टाकणे आहे, आणि तो एवढ्या अंतरावर संथही चालतो. येथे सर्व्हर हवाच, कारण उपलब्ध अपलोडच्या वेगानुसार बिटरेट कमी करून पाठवण्याचे काम तोच करू शकतो. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरून काही पोहोचत नाही. अशा घरात टेलस्केलसारखे खासगी जाळे दोन्ही टोकांना बसवले की जेलीफिन थेट उघडते आणि राउटरमध्ये काहीच उघडे ठेवावे लागत नाही. लग्नाचा व्हिडिओ आधीच ४ ते ५ एमबीपीएसच्या एमपी४ मध्ये बदलून ठेवलेला असेल, तर तो तसाच जातो, आणि अशा वेळी एआरएम प्रोसेसरची साधी नॅससुद्धा पुरते.