डिचोलीच्या भट्टीवरील जुन्या सुऱ्या : एका संग्राहकाचे परीक्षण

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका भट्टीवर हाताने घडवलेल्या सुऱ्या, कोयते आणि शिकारी पाती मी बऱ्याच वर्षांपासून जमवीत आलो आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. तिथल्या मेस्तांची (लोहारकाम करणाऱ्या कारागिरांची) नवी सुरी पैसे वसूल करून देणारी आहे. परंतु त्यांच्याच भट्टीवरची तीस-चाळीस वर्षांपूर्वीची सुरी हाती लागत असेल, तर थोडे अधिक पैसे मोजून तीच घ्यावी. यामागे जुन्या वस्तूंविषयीचा जिव्हाळा नाही, पात्याची घडण आहे. मेस्तांचे नाव आणि गाव मी देत नाही, कारण त्यांच्याकडे आधीच पुरून उरेल इतके काम आहे आणि तशी त्यांनी विनंतीही केली आहे. डिचोली-साखळी भागातील कोणत्याही कुळागरवाल्याला (नारळ-पोफळीच्या बागायतदाराला) विचारले, तर तो ठिकाण सांगू शकेल.

भट्टी वडिलांनी सुरू केली, आता मुलगा चालवतो. लोखंड मुख्यतः ट्रकच्या कमानपाट्यांचे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे. या भागात खनिजवाहू ट्रकांची वर्दळ होती तोवर मोडक्या पाट्यांना तोटा नव्हता. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हापासून भंगारवाल्याकडे शोधाशोध करावी लागते, असे मेस्त सांगतात. कमानपाटीच्या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. त्यामुळे ते चिवट असते आणि नारळाच्या करवंटीवर आपटले तरी सहसा तडकत नाही, मात्र धार फार काळ टिकवण्यात ते पहिल्या नंबरचे नव्हे. वडील काही सुऱ्या झिजलेल्या कानशींपासून घडवीत असत. कानशीत कार्बन याच्या जवळपास दुप्पट, म्हणून धार टिकते अधिक, पण पात्याला पीळ बसला की तुकडा उडण्याची भीती. अशा सुऱ्यांवर कधीकधी कानशीचे दाते पुसट दिसतात आणि संग्राहक त्यासाठी जास्त पैसे देतात. वापरायची सुरी हवी असेल, तर मी कमानपाटीचीच निवडीन.

माझ्यासमोर आत्ता आहे ती मधल्या आकाराची जुनी सुरी : पाते सहा इंचांचे, मूठ खैराची. मुठीजवळ पाठ चार मिलिमीटर जाड आहे, मध्यावर तीन आणि टोकाकडे दीडच्या आसपास. हा उतार हातोड्याने काढलेला आहे, घासून काढलेला नाही; पाठीवर नख फिरवले की हातोड्याच्या बसक्या खुणा एकापाठोपाठ एक लागतात. मुठीत शिरणारी शेपटीही अशीच निमुळती होत गेलेली आहे. ती तापवून लाकडात बसवली आहे, भोवती लाख भरली आहे आणि तोंडाशी पितळी कडे आहे. परिणामी सुरीचा तोल पहिल्या बोटाखाली येतो, आणि तासभर मासळी साफ केली तरी मनगट दुखत नाही.

खरी करामत पाणी देण्यात आहे. वडील पाते तापवून त्याची फक्त धारेकडची बाजू पाण्यात धरीत. पाठ लाल राहत असे. मग पाते बाहेर काढून दगडावर एक हात मारायचा, म्हणजे धातूचा उजळ पृष्ठ दिसतो, आणि पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे सरकताना रंग बघत राहायचे. आधी फिकट पिवळा, मग गडद गवती, त्यानंतर तपकिरी, जांभळा, निळा. गवती रंग धारेला पोचला, म्हणजे साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला, की पाते पूर्ण विझवायचे. निळा येईपर्यंत थांबले तर धार मऊ पडते, लवकर विझवले तर ती ठिसूळ राहते. अशा पात्याची धार कडक आणि पाठ चिवट असते, आणि हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही : नवी कानस धारेवर ओढली की ती निसटते, पाठीवर ओढली की चावते. माझ्याकडच्या जुन्या सुऱ्यांपैकी बहुतेक या परीक्षेत उतरल्या आहेत; ज्या उतरल्या नाहीत, त्या कोणीतरी चुलीत घालून मूठ जाळलेल्या होत्या, म्हणजे पाणी उतरलेल्या.

मुलाच्या हातचे पाणी वडिलांइतकेच नेमके आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. फरक पडतो तो आधीच्या टप्प्यात. आता पाटी सरळ करून ग्राइंडरने आकार कापला जातो आणि पट्ट्याच्या मशीनवर धार उतरवली जाते. वेळ वाचतो, आकार देखणा येतो, पण पाते टोकापर्यंत जवळपास एकाच जाडीचे राहते आणि धारेच्या लगेच वर जाड खांदा उरतो. इसवणाचा (सुरमईचा) काटा तोडताना हे जाणवत नाही, उलट वजनाचा फायदाच होतो. परंतु कांदा किंवा कच्चा फणस चिरताना नवी सुरी कापण्याऐवजी फाडत जाते. तो खांदा दगडावर उतरवून घेतला की सुरी सुधारते. मेस्तांना आधी सांगितले तर ते स्वतःच करून देतात, मात्र सांगावे लागते.

जुनी सुरी कोणत्या काळातली, हे ओळखायला मुद्रा बघावी. अमेरिकेतील रॉबर्ट लव्हलेस (१९२९–२०१०) यांच्या सुऱ्यांचे संग्राहक पात्यावरच्या गावाच्या नावावरून काळ ठरवतात : सुरुवातीच्या पात्यांवर 'डेलावेअर मेड', पुढे लॉनडेल, मोडेस्टो आणि शेवटी रिव्हरसाइड. आपल्या मेस्तांकडे इतका थाट नाही. वडिलांच्या पात्यांवर मुठीजवळ पोगराने (ठसा मारायच्या टोकदार अवजाराने) मारलेले तीन ठिपके असतात, मुलाच्या पात्यांवर आद्याक्षर. ठिपके खोल आणि कडेने किंचित उचललेले असतील तर ते तापल्या लोखंडावर मारलेले, म्हणजे अस्सल; थंड पात्यावर नंतर मारलेला ठिपका उथळ आणि चकचकीत दिसतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असे 'तीन ठिपके' विकायला आलेले मी पाहिले आहेत, त्यामुळे हे सांगणे आवश्यक वाटते.

आता तक्रार. जुनी सुरी दुरुस्तीला नेली की ती बफवर चकचकीत करून परत देण्याची या भट्टीला भारी हौस. गिऱ्हाइकाला नवी वस्तू मिळाल्याचा आनंद होतो, पण वर्षानुवर्षे कांदा, कोकम आणि मासळी कापून पात्यावर चढलेला निळसर करडा थर जातो, ठिपके बोथट होतात आणि संग्राहकाच्या दृष्टीने सुरीची निम्मी किंमत तिथेच संपते. तो थर गंज नव्हे. लाल आणि बोटाला लागणारा तो गंज, गडद आणि घट्ट बसलेला तो थर, आणि तो लाल गंजाला काही प्रमाणात अटकावच करतो. 'फक्त मूठ बदला, पात्याला हात लावू नका' असे कागदावर लिहून सुरीला बांधावे. तोंडी सांगितलेले चतुर्थीच्या गर्दीत कोणाच्या लक्षात राहत नाही.

मूठ बदलायची वेळ आली तर खैर किंवा शिसव मागावा. फणसाचे लाकूड दिसायला सुरेख, पण ओल्या हाताच्या वापराला नरम पडते. काही जुन्या शिकारी पात्यांना सांबरशिंगाच्या मुठी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्यांचा व्यापार करता येत नाही, तेव्हा कोणी 'आजोबांच्या काळातली आहे' म्हणून विकू लागला तरी त्या वाटेला जाऊ नये. मेस्त स्वतः तसले काम स्वीकारत नाहीत, ही त्यांच्या बाजूने नोंद. लांबीचेही भान असावे : शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांची शस्त्रे येतात, घरकामाची आणि शेतीची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. कोयता अवजार आहे, हे सांगायला कोणाची गरज नाही. दुधारी शिकारी पाते मात्र अवजार ठरेलच असे नाही.

गोव्याच्या पावसाळ्यात ही पाती सांभाळणे हाच संग्राहकाचा खरा खर्च. मेस्त प्रत्येक सुरीबरोबर चामड्याचे म्यान देतात. ते कमरेला लावून बागेत जाण्यापुरते ठीक आहे, पण सुरी त्यात ठेवून कपाट बंद करू नये. चामडे दमट हवेतला ओलावा धरते, कमावताना वापरलेली द्रव्ये त्यात शिल्लक असतात, आणि आषाढ संपेपर्यंत पात्यावर म्यानाच्या शिवणीचा ठसा उमटतो, पितळेवर हिरवा कळंक चढतो. कोयत्यासाठी आपल्याकडची कमरेची लाकडी आकडी या बाबतीत कितीतरी शहाणी, कारण पाते उघडे राहते. घरात पाती कोरडी पुसून, शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात देऊन, सुती कापडात उभी ठेवावीत. खोबरेल लावण्याची पद्धत जुनी आहे, पण ते कालांतराने चिकट होते आणि त्यावर धूळ बसते. स्वयंपाकात रोज वापरायच्या सुरीला मात्र खोबरेलच बरे.

दर ठरलेले नाहीत. नवी सुरी पात्याच्या लांबीवर आणि मुठीच्या लाकडावर, जुनी मेस्तांच्या मनावर. भट्टीच्या मागच्या फळीवर गिऱ्हाइकांनी बदल्यात दिलेली जुनी पाती पडलेली असतात. ती मांडलेली नसतात, 'मागची दाखवा' असे म्हणावे लागते. घासाघीस केलेली त्यांना आवडत नाही, पण नव्या कोयत्याची ऑर्डर दिली की जुन्या सुरीचा भाव आपोआप खाली येतो. ऑर्डर मे महिन्याच्या आत द्यावी. पावसाच्या तोंडावर अख्ख्या तालुक्याचे कोयते धारेला येतात आणि मग सुरीवाल्याला श्रावणापर्यंत कोणी विचारत नाही.