विगान: कुठे वेळ द्यावा, कुठे नाही

फिलिपिन्समधल्या विगानला जायला मनिलाहून रात्रीची बस घ्या. आठ-दहा तासांत पहाटे विगान येतं. तडक काये क्रिसोलोगो गाठा. मोटारींना बंदी असलेला हा दगडी रस्ता सकाळीच मोकळा मिळतो, संध्याकाळी फोटोवाल्यांची नुसती झुंबड. खिडक्यांना काचेऐवजी बसवलेले कापिझ शिंपल्यांचे तुकडे जवळून बघाच. १९९९ पासून जागतिक वारसा असलेल्या या गावात दुकानांच्या पाट्या मात्र जरा जास्तच आहेत.

कालेसा, म्हणजे टांगा, तासावर ठरवा. भाडं माणशी की टांग्याचं, हे आधी न विचारल्यास उतरताना वाद ठरलेला. त्यातूनच बांताय घंटाघर (१५९१) आणि पागबुर्नायानचे कुंभार उरकतात. तिथले रांजण सुंदर, पण विमानात न्यायला जड.

एम्पानाडात, म्हणजे इथल्या तळलेल्या करंजीत, सॉसेज असतं. अंडं चालणाऱ्या शाकाहाऱ्यांनी फक्त पपई-अंड्याचा मागावा. तेल मात्र तेच.