आयईपी मागायचा की ५०४वर भागवायचं?

मुलाची दुसरीतली एक वही मी अजून जपून ठेवली आहे. एका पानावर 'सेड' हा साधा शब्द तीनदा आलाय आणि तिन्ही वेळा स्पेलिंग वेगळं. वाचताना पुस्तकात 'हाउस' असलं, तर हा चित्राकडे बघून 'होम' म्हणायचा. अर्थ जुळायचा, त्यामुळे पोरगं वाचत नाहीये, अंदाज बांधतंय, हे कित्येक महिने आमच्या लक्षातच आलं नाही. शेवटी इथल्या, अमेरिकेतल्या शाळेने बोलावलं आणि सुचवलं, "५०४ प्लॅन करू या, त्याला टेस्टला जास्त वेळ देऊ." आम्ही दोघांनी हुश्श केलं. 'स्पेशल एज्युकेशन' हा शब्द कोणी काढला नव्हता ना! त्या हुश्शपायी एक अख्खं वर्ष गेलं. ज्याला वाचता येत नाही त्याला दीडपट वेळ दिला, तर तो दीडपट वेळ न वाचता बसतो.

अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत, ५०४ आणि आयईपी ही दोन्ही नावं एका दमात घेतली जातात, पण त्यांच्यामागचे कायदे वेगळे आहेत. ५०४ हे १९७३च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टचं कलम. तो नागरी हक्कांचा कायदा आहे: अपंगत्वामुळे भेदभाव करू नका, मुलाच्या वाटेतला अडथळा काढा. आयईपी म्हणजे एकेका मुलासाठी आखलेली शिक्षण योजना, आणि ती येते 'आयडिया' या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यातून. हा कायदा मूळचा १९७५चा, 'आयडिया' हे नाव त्याला १९९०मध्ये मिळालं. त्याचं म्हणणं, या मुलाला ज्या पद्धतीने शिकवावं लागेल त्या पद्धतीने शिकवा, आणि पालकांकडून एक पैसा घेऊ नका.

म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न हा: मुलाला येतंय पण दाखवता येत नाही, की मुळात वेगळ्या तऱ्हेने शिकवायची गरज आहे?

येत असेल, तर ५०४ छान. एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण) असलेली, भराभरा वाचणारी, पण वर्गात खिडकीबाहेर हरवणारी मुलगी घ्या. तिला पुढची जागा, मध्ये ब्रेक, सूचना लिहून देणं, परीक्षेला वेगळी खोली एवढं पुरू शकतं. पात्रताही सैल आहे. रोजच्या जगण्यातल्या एखाद्या मोठ्या क्रियेवर लक्षणीय मर्यादा येत असली की झालं, आणि वाचणं, विचार करणं, लक्ष एकाग्र करणं या क्रिया २००८च्या दुरुस्तीने अपंगत्वविषयक कायद्यात स्पष्ट लिहिल्या गेल्या.

आयईपीला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. कायद्यातल्या १३ प्रकारांपैकी एकात मूल बसायला हवं आणि त्यामुळे त्याला खास शिकवण्याची गरजही असायला हवी. डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं-शब्द वाचण्या-लिहिण्यातली अडचण, 'स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी'त येतो, एडीएचडी बहुतेकदा 'अदर हेल्थ इम्पेअरमेंट'मध्ये. "पण तो पास होतोय की!" हे उत्तर मिळालं तर दबून जाऊ नका. वरच्या वर्गात जाणारं मूलही पात्र ठरू शकतं, असं नियमच सांगतो. शिवाय ५०४मध्ये मिळणाऱ्या सवलती आयईपीतही लिहून घेता येतात, त्यामुळे आयईपी घेतला म्हणजे जास्तीचा वेळ गेला असं होत नाही.

कागदाच्या ताकदीत तर दोघांची बरोबरीच नाही. आयईपी लेखीच असतो, दर वर्षी तपासला जातो, साधारण तीन वर्षांनी फेरतपासणी होते आणि पालक त्या टीमचे सदस्य असतात, पाहुणे नव्हे. शाळेने नकार दिला तर कारणं लेखी द्यावी लागतात. शाळेची तपासणी पटली नाही तर शाळेच्या खर्चाने बाहेरून तपासणी मागता येते. स्कूल डिस्ट्रिक्टने (त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेने) एक तर पैसे द्यायचे, नाही तर सुनावणीत आपली तपासणी योग्य होती हे दाखवायचं. ५०४ लेखी असलाच पाहिजे असंही केंद्रीय नियम म्हणत नाही. बहुतेक शाळा लिहितात, पण आमचा प्लॅन नव्या वर्षाच्या टीचरने नोव्हेंबरपर्यंत उघडलाच नव्हता.

अर्थात आयईपी म्हणजे जादू नव्हे. खास शिकवण्यासाठी मुलाला वेगळ्या खोलीत, रिसोर्स रूममध्ये नेतात तेव्हा वर्गातलं काहीतरी बुडतंच. आमच्याकडे सायन्स बुडायचं. आणि कागद पोकळ असू शकतो. 'वाचन सुधारेल' हे उद्दिष्ट झालं नाही. 'मिनिटाला ४० शब्दांवरून ७०वर' हे झालं. त्याखाली कोण, किती मिनिटं, आठवड्यातून किती वेळा शिकवणार, ते बघा. मसुदा आधी मागून घ्या आणि मीटिंगमध्येच सही करायची घाई करू नका. २०१७च्या एंड्र्यू एफ. खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती होईल, असाच आयईपी हवा; नाममात्र प्रगतीवर भागत नाही.

माझं मत विचाराल तर अभ्यासात अडचण असेल तेव्हा आधी पूर्ण तपासणी मागा. ईमेलने, तारखेसकट, 'स्पेशल एज्युकेशनसाठी इव्हॅल्युएशन' हे शब्द लिहून. तुमच्या संमतीच्या सहीपासून ६० दिवसांत ती व्हायला हवी. काही राज्यांची मुदत वेगळी आहे. "आधी इंटरव्हेन्शन (वर्गातच थोडी जादा मदत) करून बघू" असं शाळावाले म्हणतील. बघू देत, पण त्या कारणाने तपासणी लांबवता येत नाही, हे केंद्रीय शिक्षण खात्याने २०११मध्ये शाळांना बजावलंय. आयईपीला पात्र नाही ठरला, तर त्याच बैठकीत ५०४चं विचारा.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट ऐकू येते: "घरी मराठी बोलता ना, म्हणून होत असेल." इंग्रजी कच्चं आहे एवढ्यावर कुणाला अपंगत्वाचा शिक्का मारता येत नाही, हे खरंच, पण उलट बाजूने, दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होतही नाही. मराठीत काय होतंय ते बघा आणि बैठकीत सांगा. आमचा मुलगा व्हिडिओ कॉलवर आजीला वार म्हणून दाखवताना बुधवारवरून थेट शनिवारवर उडी मारायचा. गोष्ट इंग्रजीची नव्हती. आयईपीच्या मीटिंगला दुभाषा हवा असेल तर मागता येतो, त्याची व्यवस्था शाळेने करायची. व्हिसाचं म्हणाल, तर इमिग्रेशनच्या स्थितीवरून पब्लिक स्कूल मुलाला दार बंद करू शकत नाही, हे १९८२च्या प्लायलर खटल्यातच ठरलंय.

एका ठिकाणी ५०४ पुढे जातो. हायस्कूलचा डिप्लोमा हातात पडला की आयईपी संपतो. कलम ५०४ कॉलेजातही लागू असतं, फक्त तिथे मुलाने स्वतः जाऊन सांगावं लागतं.

आमचा आयईपी तिसरीत झाला, आठवड्यातून चार वेळा अर्धा तास. काही महिन्यांनी तो 'हाउस'वर बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवत 'हाउस'च म्हणाला, चित्राकडे न बघता. आता तो सहावीत आहे आणि यंदा फेरतपासणी आहे. परवा गाडीत त्यानेच विचारलं, "आता मला नुसता जास्त वेळ पुरेल का?" मी म्हटलं, मीटिंगला ये आणि तूच विचार.