२०० अँपियरचं वेल्डिंग मशीन, नऊ महिने: क्लॅम्प आधी बदला, आणि मोटारसायकलच्या फ्रेमला हात लावू नका

गेल्या रविवारी माझाच एक जोड व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने आडवा कापला. आत जे दिसलं त्यानंतर या मशीनबद्दलचं माझं मत पुन्हा एकदा बदललं, म्हणून लिहायला बसलोय.

मशीन दुकानात नेहमी दिसतं तसलंच आहे. सिंगल फेज, इन्व्हर्टर, पट्टा लावून खांद्याला अडकवता येतं. दिवाळीनंतर साडेसात हजारांना घेतलं. हेल्मेट, हातमोजे, रॉड, ग्राइंडरच्या चकत्या धरून अकरा हजारांच्या वर गेलं. एवढे पैसे घालण्यामागे एकच इच्छा होती. वडिलांची ३५० बुलेट पडवीत उभी आहे. गोव्यात वागातोरला बाईक वीक या मोटारसायकलींच्या मेळाव्यात मागे शॉकअप नसलेल्या, सरळ पाइपांच्या शेपटीच्या गाड्या पाहिल्या होत्या, आणि तशी फ्रेम स्वतःच्या हातांनी जोडायची असं मनात बसलं होतं.

पहिले अडीच महिने नुसता मनस्ताप. रॉड चिकटायचा, पेटला तर फुरफुरून विझायचा. सगळे सांगायचे, हात बसायला वेळ लागतो. मीही तेच धरून रोज रात्री तासभर पट्ट्यांवर रेघा ओढत बसायचो. शेवटी एका रात्री अर्थिंगच्या क्लॅम्पला, म्हणजे मशीनची दुसरी केबल लोखंडाला जोडणाऱ्या चिमट्याला, सहज हात लागला आणि चटका बसला. ७० अँपियरवर क्लॅम्प तापायचं कारणच नव्हतं.

तो उघडून पाहिला. केबल एकाच जबड्याला जोडलेली. दुसऱ्या जबड्याला करंट पोचवणारी तांब्याची पट्टीच नाही, म्हणजे त्या बाजूचा सगळा करंट स्प्रिंगमधून जाणार. स्प्रिंगला आमच्या डिचोलीच्या हवेत दोन महिन्यांत गंज चढलेला. केबल चाकूने खरवडली तर वरचा तांबूस मुलामा निघून आत पांढरं ॲल्युमिनियम. साडेसात हजारांच्या मशीनला कंपनीने ही वस्तू जोडून द्यावी याचा राग अजून गेलेला नाही. माझ्या अडीच महिन्यांच्या रात्री त्यात गेल्या, आणि रॉडची सहा पाकिटं.

म्हापशाहून जड पितळी क्लॅम्प आणि चार मीटर खऱ्या तांब्याची केबल आणली, दीड हजार गेले. पहिला रॉड लावला आणि आवाजच बदलला. तेलात पापड सोडल्यावर येतो तसा एकसारखा तडतडाट. त्या रात्री दीडपर्यंत शेडमधून उठलो नाही. तेव्हा माझं मत असं होतं की मशीन उत्तम आहे, फक्त क्लॅम्प भंगार. आजही यातला पहिला भाग खरा मानतो. मशीन घेणार असाल तर क्लॅम्प आणि केबलचे पैसे किमतीत धरूनच घ्या. क्लॅम्प लावण्याच्या जागेचा रंग घासून लोखंड उघडं करा, जोडाच्या जवळ लावा. गाडीवर काम असेल तर बॅटरी काढून ठेवा आणि करंट चाकाच्या किंवा इंजिनच्या बेअरिंगमधून जाईल अशा ठिकाणी क्लॅम्प लावू नका, बेअरिंग खराब होतात.

मार्च ते मे चांगले गेले. गेटची कडी, पंपाचं स्टँड, शेजारच्या पायलटच्या (म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) गाडीचा कॅरियर. २.५ मिलिमीटरचा ६०१३ जातीचा रॉड, ६५ ते ८० अँपियरच्या मध्ये.

जूनमध्ये पंखा बंद पडला. सर्व्हिस सेंटरने मशीन उघडून सांगितलं, आत लोखंडाचा भुसा आहे, वॉरंटी बसत नाही, बोर्ड बदलावा लागेल, २,२०० रुपये. तीन आठवडे भांडलो. चार फेऱ्या मारल्या, पेट्रोल माझं, पाऊस माझ्या अंगावर. शेवटी मशीन परत आणलं आणि गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे दिलं. त्याने बोर्ड ब्रशने साफ केला, पंखा बदलला, ३५० रुपये घेतले. तेव्हापासून व्यवस्थित चालू आहे. भुशाबद्दल मात्र सर्व्हिस सेंटर खरं बोलत होतं. मी ग्राइंडर मशीनच्या शेजारीच चालवायचो आणि पंखा ती सगळी धूळ आत ओढत होता. आता ग्राइंडिंग शेडच्या दुसऱ्या टोकाला करतो. पण चांगला बोर्ड बदलायला सांगणं हा अन्यायच होता, आणि पुढच्या वेळी मी तिकडे जाणार नाही.

पावसाचं दुसरं दुखणं म्हणजे रॉड. उघडं पाकीट चार दिवसांत ओल धरतं, मग जोडात टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ७०१८ जातीच्या रॉडच्या नादाला घरी लागू नका. ओल धरली की तो ३०० अंशांच्या वर भाजावा लागतो, ते स्वयंपाकघरातल्या ओव्हनचं काम नाही. आणि ओल्या हातमोज्यांनी होल्डर धरू नका. रॉड पेटलेला नसतानाही तिथे ६०-७० व्होल्ट असतात, घामेजलेल्या माणसाला ते पुरेसे आहेत. मी कोरड्या फळीवर उभा राहतो.

आता फ्रेम. वडिलांच्या गाडीला करवत लावण्याआधी भंगारातून तसलीच जुनी फ्रेम १,८०० रुपयांना आणली, हा निर्णय घेतला नसता तर आज काय झालं असतं याचा विचार करवत नाही. मागचा भाग कापला, दोन पाइप वाकवून घेतले, टोकांना चाकाच्या एक्सलसाठी प्लेटा. पाइपची जाडी २ मिलिमीटर, प्लेट ६. खरी अडचण इथेच आहे. जाड प्लेट उष्णता पिऊन टाकते, पातळ पाइपला क्षणात भोक पडतं. दोनदा भोक पडल्यावर मी अँपियर कमी केले. भोकं थांबली, जोड गुळगुळीत, एकसारखे आले. फोटो काढून मित्रांना पाठवले, सगळ्यांनी वाहवा केली.

शेजारी एक काका आहेत. मांडवी नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जवर त्यांनी पंचवीस वर्षं वेल्डिंग केलं, २०१२मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ते काम सुटलं. त्यांनी जोडांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वयल्यान बरें दिसता रे. भितर कितें आसा?" म्हणजे वरून बरं दिसतं, पण आत काय आहे?

त्यांच्या सांगण्यावरून तीन डब्यांचा डाय टेस्टचा सेट आणला. आधी क्लीनर, मग लाल रंग, दहा मिनिटं थांबायचं, पुसायचं, मग पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. चार जोडांपैकी तीन स्वच्छ निघाले. चौथ्याच्या कडेला केसाएवढी लाल रेघ हळूहळू वर आली आणि रुंद होत गेली. मी म्हटलं, एकच तर आहे, घासून पुन्हा भरतो.

काकांनी मान हलवली. म्हणाले, या रंगाला वर तोंड उघडलेली चीरच दिसते. स्वच्छ निघालेल्यांपैकी एक कापून बघ.

रविवारी कापला तो त्या तीन स्वच्छ जोडांपैकीच एक. कानस मारली, मग पॉलिश पेपर, लोखंड आरशासारखं झालं. पाइपच्या बाजूला जोड एकजीव होता. प्लेटच्या बाजूला मात्र पेन्सिलीने आखावी तशी काळी रेघ, जोडाच्या जवळजवळ अर्ध्या रुंदीपर्यंत. माझं वेल्डिंग प्लेटमध्ये शिरलंच नव्हतं, नुसतं वर बसलं होतं. प्लेट व्हाइसमध्ये पकडून पाइपला हातोड्याचे चार घाव घातले, तेवढ्यात जोड सालपटासारखा उचलला गेला. हाच जोड घेऊन मी चोर्ल्याचा घाट चढणार होतो, मागे बायकोला बसवून.

म्हणून नवशिक्याने फ्रेम जोडावी का, याला माझं उत्तर नाही असं आहे, आणि मी ते ठामपणे सांगतो. ग्रिलचा जोड सुटला तर ग्रिल लोंबकळतं. फ्रेमच्या जोडाला प्रत्येक खड्ड्यात धक्का बसतो, हजारो धक्क्यांनी आतली रेघ वाढत जाते आणि सुटते तेव्हा गाडी वेगात असते. बुलेटचं तर इंजिनच फ्रेमचा एक भाग आहे. इंजिन काढून वेल्डिंग केलं की फ्रेमला आधार उरत नाही, थंड होताना पाइप ओढले जातात. जिग, म्हणजे पाइप जागेवर घट्ट धरणारा सांगाडा, न बांधता जोडल्यामुळे माझी शेपटी ११ मिलिमीटर डावीकडे गेली होती. पुढच्या हँडलच्या नळीजवळचं काम तर अनुभवी माणसालाही अवघड, उष्णतेने बेअरिंगची बैठकच वेडीवाकडी होते.

कायद्याचंही ऐका. चासी नंबर फ्रेमवरच ठोकलेला असतो, फ्रेम बदलली की कागद आणि गाडी वेगळी झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये मूळ रचनेत बदल केलेल्या गाड्यांबद्दल तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीसमोर काय सांगणार, तेही धरा.

मशीन मी विकणार नाही. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली आहे, गणपतीच्या वर फळं-पानं टांगायच्या माटोळीला लोखंडी आकडे हवेत, तुळशीवृंदावनाची जाळी तुटली आहे. काकांसोबत दर शनिवारी २ आणि ६ मिलिमीटरचे तुकडे जोडून कापतो. आता रॉडचं तोंड प्लेटकडे ठेवतो, ८५ अँपियरवर, आणि पाइपवर फक्त झुळूक देतो. कालच्या पाचांपैकी तीन पूर्ण शिरले होते. वडिलांच्या बुलेटला कंपनीचाच मागचा भाग राहील, तिला फक्त नवे शॉकअप आणि रंग.

क्लॅम्पच्या जबड्यांना पंधरा दिवसांतून एकदा पॉलिश पेपर मारतो, पावसात दर आठवड्याला.