वाकडे दात सरळ करायला तारा लावाव्यात की अलाइनर?

जाहिराती पाहून बहुतेकांचा कल पारदर्शक अलाइनरकडे, म्हणजे दातांवर चढवायच्या आणि टप्प्याटप्प्याने बदलायच्या प्लास्टिकच्या साच्यांकडे असतो. चटकन दिसत नाहीत, जेवताना काढता येतात, ब्रशही नेहमीसारखा होतो. पण खरी मेख त्या ‘काढता येतात’मध्येच आहे. दिवसाचे 20 ते 22 तास ते दातांवर हवेतच. खाणं आणि ब्रश, एवढीच सुट्टी. काही दिवस चालढकल केली की पुढचा संच नीट बसत नाही. आणि अदृश्य म्हणाल तर तसंही नाही. अनेकांच्या दातांवर पकडीसाठी दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवावे लागतात. हे आधी कुणी सांगत नाही!

तारांना विसरायची सोयच नाही, त्यामुळे टाळाटाळ करणाऱ्यांसाठी माझ्या मते त्याच बऱ्या. दात खूप फिरलेले असतील किंवा काही दात काढून जागा करायची असेल, तर डॉक्टर बऱ्याचदा तारांनाच पसंती देतात. त्रास मुख्यतः सफाईचा. ब्रॅकेटभोवती, म्हणजे तार धरायला दातांवर चिकटवलेल्या छोट्या तुकड्यांभोवती अन्न अडकतं. रोज नीट घासलं नाही, तर तारा निघाल्यावर ब्रॅकेटच्या कडेने पांढरे डाग दिसतात आणि ते सहजासहजी जात नाहीत. कडक, चिकट पदार्थ बंद. तार गालाला टोचली तर तिथे डेंटल वॅक्स (मऊ मेण) लावायचं.

काहीही निवडा, कीड आणि हिरड्यांचे आजार आधी बरे करून घ्यावे लागतात. उपचार साधारण 1 ते 2 वर्षं चालतात. नंतर रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन) लागतोच, नाहीतर दात पुन्हा सरकतात. त्याचे पैसे सांगितलेल्या खर्चात धरलेत का, हे सुरुवातीलाच विचारून घ्या.