संख्या मूळ आहे का? फर्मा की मिलर–राबिन

वीस-तीस अंकी संख्या समोर असेल, तर एकेका संख्येने भागून बघण्याचा विचार सोडाच. उरतात या दोन चाचण्या. दोन्हींचं मूळ एकच: न ही विषम मूळ संख्या असेल, तर 2 च्या (न−1) व्या घाताला न ने भागल्यावर बाकी 1 उरते.

फर्माची चाचणी इथेच थांबते. 1640 सालचा नियम, कोड एका ओळीचा. बाकी 1 नसेल तर संख्या नक्की संयुक्त, असेल तर बहुधा मूळ. या ‘बहुधा’वर मी बरेच दिवस निर्धास्त होतो.

बिनसलं ते 56052361 वर. पाया, म्हणजे वरच्या नियमात 2 च्या जागी येणारी संख्या, 2, 3, 5, 7, 11, 13 घेऊन पाहिलं, दरवेळी बाकी 1. ती मूळ धरून पुढे गेलो, तर प्रोग्रॅममध्ये काही संख्यांचा व्यस्तच (जिने गुणल्यावर बाकी 1 उरते ती संख्या) निघेना. अख्खी संध्याकाळ मी व्यस्त काढणारा कोड तपासत बसलो; त्या बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती. 56052361 म्हणजे 211 × 421 × 631. ही कारमायकेल संख्या. तिच्याशी 1 सोडून सामाईक विभाजक नसलेला कुठलाही पाया घ्या, बाकी 1 च येणार. चाचणी चुकते याचा राग नव्हता, पाये वाढवूनही ती सुधारत नाही याचा होता. शंभर साक्षीदार उभे करा, शंभरही फितूर. आणि अशा संख्या अनंत आहेत, हे 1994 मध्ये सिद्धही झालंय.

मिलर–राबिन काय वेगळं करते ते 561 वर बघा, ही सर्वांत लहान कारमायकेल संख्या. 560 = 16 × 35, म्हणून आधी 2 चा 35 वा घात, मग वर्ग करत जायचं. 561 ने भागल्यावर बाक्या येतात 263, 166, 67, 1. फर्मा त्या 1 वर खूश. मिलर–राबिन विचारते, 1 च्या आधी काय होतं? 67. न मूळ असती तर तिथे 1 किंवा 560 शिवाय काही येऊच शकत नाही. पकडली! वर 67 − 1, म्हणजे 66, आणि 561 चा मसावि 33, म्हणजे चोर मुद्देमालासकट हाती.

तिचा लूप पहिल्यांदा लिहिताना एखादी फेरी कमी-जास्त होते, माझीही झाली होती. वेळेत मात्र मला तरी फरक जाणवला नाही. ‘बहुधा’ तीही म्हणते, पण संयुक्त संख्येचे फार तर चौथा हिस्सा पाये खोटं बोलतात, त्यामुळे इथे पाये वाढवण्याला अर्थ आहे. 64 बिटांच्या आतल्या (साधारण 19 अंकांपर्यंतच्या) संख्यांना तर 2 ते 37 हे बारा मूळ पाये पुरतात, ‘बहुधा’ उरतच नाही. (पूर्ण खात्रीची, कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांची 2002 ची एकेएस पद्धतही आहे; सिद्धान्त म्हणून सुंदर, पण चालवायला फार संथ.)

संख्या तुम्हीच यादृच्छिक निवडणार असाल, तर फर्मावरही कदाचित भागेल. तिथे तिची फसगत क्वचितच होते. संख्या दुसऱ्याने हातात ठेवली असेल, तर मी तरी ती जोखीम घेणार नाही.