बोर्डाचं काम चोख, पण "झालं साहेब" म्हणायची लई घाई (साडेतीन स्टार)

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे आमचं, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), डिस्पॅच सगळं एकाच सर्व्हरवर. लाइटच्या ये-जा मध्ये मदरबोर्ड उडाला, वॉरंटी संपलेली, म्हणून सर्व्हर या दुरुस्तीच्या दुकानात टाकला. बोर्ड व्यवस्थित बदलला, रेट पुण्यापेक्षा बरा. रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणारा भाग) बोर्डावरच होता त्यामुळे तोही नवा आला, आणि चालू केल्यावर फॉरेन कॉन्फिगरेशनचा मेसेज, म्हणजे डिस्कवरची जुनी मांडणी नव्या कंट्रोलरला परकी वाटते. तिथं दुकानातल्या पोराने क्लिअर न दाबता इम्पोर्ट केलं, याचे पूर्ण मार्क, कारण क्लिअर म्हणजे डिस्कवरची रेडची माहितीच पुसली असती.

घरी आणल्यावर टॅली रांगायला लागली. फोनवर म्हणाले, कॅशची (कंट्रोलरच्या तात्पुरत्या मेमरीची) बॅटरी चार्ज होईपर्यंत कंट्रोलर राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर लिहायचं, म्हणून हळू) चालतो, रात्रभर राहू द्या. हे खरं निघालं, सकाळी राइट-बॅक (आधी कॅशमध्ये लिहायचं) आलं, स्पीड पण आला. पण लॉगमध्ये एका डिस्कचे टाइमआउट आणि रिसेट पडतच होते. पुन्हा फोन केला तर "ते जुने लॉग आहेत साहेब, सोडून द्या", अन् जरा नेट लावला तर लगेच "मग डिस्क बदला"! अहो, जुने का नवे ते बघायला काय लागतंय? साटा डिस्कचा १९९ नंबरचा सीआरसी काउंट (डेटा ने-आण करताना झालेल्या चुकांची मोजणी) कधीच कमी होत नाही, म्हणून आकडा लिहून ठेवायचा, मोठी फाइल कॉपी करायची आणि परत बघायचा. आमचा वाढला होता.

शेवटी त्यांचे सिनियर काका आले आणि खरं काम तिथं झालं. आधी बॅकअप घ्यायला लावला, मग स्टोरसीएलआयमध्ये (कंट्रोलर तपासायचं टूल) दाखवलं की मीडिया एरर (डिस्कच्या आतला बिघाड) शून्य आहे, वाढतोय तो अदर एरर (बाकीचे, जोडणीचे वगैरे), म्हणजे डिस्कपेक्षा वायरिंगवर संशय जास्त. सर्व्हर बंद करून दोन डिस्कच्या जागा बदलल्या, रेडची माहिती डिस्कवरच असते म्हणून चालतं म्हणे (आपण आपल्या मनाने करू नका बरं का). एरर डिस्कसोबत गेला नाही, स्लॉटलाच चिकटून राहिला. झाकण काढलं तर बॅकप्लेनकडं (डिस्क ज्यात बसतात त्या पाटीकडं) जाणारी मिनी-सॅस नावाची डेटा केबल फॅनच्या कडेला पार दुमडून दाबलेली, बोर्ड बसवताना कोंबली असणार. नवी केबल टाकली, जुना लॉग सेव्ह करून साफ केला, रात्री कन्सिस्टन्सी चेक (डिस्कवरचा डेटा एकमेकांशी जुळतो का ते बघणं) लावला. तेव्हापासून तो सीआरसीचा आकडा हललेला नाही.

एवढं करून व्हिजिट चार्ज मागितला! तुमच्याच पोराने दाबलेली केबल की हो. वाद घातल्यावर सोडला, केबलचे पैसे मात्र घेतलेच.

मशीन टाका यांच्याकडे, पण घेताना दुकानातच मोठी कॉपी चालवून लॉग बघा, आणि काका असतील तेव्हाच जा. दुपारी नसतात ते.